पुतळीचे मोल

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर, आमच्या धर्मग्रामातील तिघे भाऊ सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्या मातोश्रींना देवाज्ञा होऊन तेव्हा वर्ष होत आले होते. थोरल्याच्या हातात बिस्किटांचा जुना डबा होता व त्या डब्यात, लाल दोऱ्यात ओवलेली, एकवीस पुतळ्यांची माळ होती. ‘‘फादर, तुम्ही जुन्या नाण्यांचं वाचता. एवढं बघून सांगा, ही आटवायची की विकायची?’’ असे थोरल्याने विचारले. माळ आटवून सोन्याचे तीन सारखे वाटे करावेत, हे त्याचे मत. धाकट्याने कुठेसे वाचले होते की जुनी नाणी लाखांनी जातात. त्याला माळ तशीच विकायची होती. मधला गप्प होता. नंतर कळले, की फादरांना दाखवायची म्हणून त्याच्या पत्नीने आदल्या रात्री पितळेची भांडी घासण्याच्या भुकटीने ती माळ लख्ख घासून ठेवली होती. त्या माउलीच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु ती चकाकी पाहून आमच्या पोटात खड्डा पडला, हेही खरे. आणि त्याचे कारण पुढे येईल.

वाचकहो, पुतळी हा शब्द आपण आज दागिन्यापुरता वापरतो. आपल्या पणजोबांच्या पणजोबांना मात्र ते एका नाण्याचे नाव म्हणून ठाऊक होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्याची जी यादी आहे, तीत मोहरा आणि नाना तऱ्हेचे होन यांच्या पंगतीस पुतळीही बसलेली आहे. ही पुतळी आपल्या मुलखातल्या कोणत्याही टांकसाळीत पडत नव्हती. ती येत होती इटलीतील व्हेनिसच्या प्रजासत्ताकातून. तिच्यावर माणसांच्या आकृती, म्हणजे पुतळ्या, कोरलेल्या असत. म्हणून आपल्या लोकांनी तिला ते नाव दिले. तामिळ मुलखात तर याच नाण्यास ‘शाणार कासु’ म्हणत. नाण्यावर ध्वजाचा उंच दांडा आणि त्याच्या पायथ्याशी बसलेली आकृती पाहून तिथल्या लोकांना तो ताडाच्या झाडाशी बसलेला ताडी काढणारा वाटला! आमच्या वसईतल्या ताडामाडांत वाढलेल्या वाचकांना या कल्पनेची गंमत अधिक कळेल.

वास्तविक त्या आकृती कोणाच्या? व्हेनिसने हे सोन्याचे नाणे, दुकात, १२८४ साली जोव्हान्नी दान्दोलो हे दोजे असताना सुरू केले. दोजे म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निवडलेला प्रमुख. नाण्याच्या एका अंगास संत मार्क उभे आहेत, त्यांच्यासमोर दोजे गुडघे टेकून आहे आणि संत त्याच्या हाती ध्वज देत आहेत. दुसऱ्या अंगास बदामी आकाराच्या प्रभावळीत, ताऱ्यांच्या मधोमध, प्रभू येशू ख्रिस्त उभा आहे. त्याच्या डाव्या हातात शुभवर्तमानाचे पुस्तक आहे व उजवा हात आशीर्वाद देण्यासाठी उंचावलेला आहे. सभोवार लॅटिन अक्षरे आहेत, तीही जागेअभावी तोडून तोडून लिहिलेली. सेमिनरीत आम्हांस लॅटिनने पुष्कळ रडवले. तरी त्या शिक्षणाचा असा उपयोग होईल हे तेव्हा कोणी सांगितले असते तर अभ्यास थोडा अधिक मन लावून केला असता. ती तुटकी अक्षरे जोडली की वाक्य असे होते: सित तिबि, ख्रिस्ते, दातुस, क्वेम तू रेजिस, इस्ते दुकातुस. म्हणजे, हे ख्रिस्ता, ज्यावर तू राज्य करतोस ते हे राज्य तुलाच अर्पण असो. या वाक्याच्या शेवटच्या शब्दावरून नाण्याला दुकात नाव पडले असे पुष्कळदा सांगण्यात येते, पण ते बरोबर नाही. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याने ११४० मध्येच आपल्या चांदीच्या नाण्यास ते नाव दिले होते.

पुढे या दुकातीस ‘झेक्किनो’ असेही म्हणू लागले. व्हेनिसच्या टांकसाळीचे नाव झेक्का, आणि झेक्का हा शब्द अरबी ‘सिक्का’ या शब्दापासून आलेला. आपला ‘शिक्का’ तोच. झेक्किनोचेच इंग्रजीत ‘सिक्विन’ झाले, आणि आज पदरावर शिवायच्या चमचमत्या टिकल्यांना आपल्या मुली तेच नाव घेऊन दुकानात मागतात. एका शब्दाने अरबस्तानातून व्हेनिस गाठावे, तेथून इंग्लंड, आणि तेथून पुन्हा आपल्या बाजारात यावे! असो.

हे नाणे इतक्या दूर चालले ते त्याच्या सचोटीमुळे. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे तोळ्याला सव्वातीन दुकातींहून किंचित अधिक. आणि सोने जवळजवळ निर्भेळ. १२८४ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत, पाचशेहून अधिक वर्षे व्हेनिसने ना वजन लक्षात येण्याइतके घटवले, ना कस उतरवला, ना चित्र बदलले. चित्र न बदलण्यातही व्यापारी शहाणपण होते. कैरोच्या वा सुरतेच्या बाजारात ज्यास लॅटिनचे अक्षरही येत नव्हते, तो सराफ ती आकृती पाहूनच नाणे पदरात घेई. मिरी, वेलदोडे, सुती कापड यांच्या बदल्यात ही नाणी तांबड्या समुद्रावाटे आपल्या किनाऱ्यावर येत राहिली. यान हुयगेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात गोव्यातील चलनाची तपशीलवार हकिगत दिली आहे. व्हेनिसची पुतळी तेव्हा दोन शेराफीनला जाई, असे तो सांगतो. शेराफीनवर एका बाजूस संत सेबास्तियन आणि दुसऱ्या बाजूस बाणांची जुडी असे, आणि संत थॉमस यांची मूर्ती असलेले एक सोन्याचे नाणेही गोव्यात चालत होते. गोव्याच्या रस्त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर बसणाऱ्या सराफांविषयी तो कौतुकाने लिहितो. त्यांना विचारल्याखेरीज कोणी पैसे स्वीकारण्यास धजत नसे, इतकी त्यांची नजर तयार होती.

आता मुख्य प्रश्न. नाणे झिजले, त्याला भोक पाडले, ते घासले, तर त्याचे मोल काय?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर तराजूचे आहे. नाणी निघण्याच्याही आधी आपला पिता आब्राहाम याने सारेच्या दफनासाठी मखपेलाची जमीन घेतली तेव्हा ४०० शेकेल चांदी तोलून दिली, असे उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आहे. चांदी मोजून नव्हे, तोलून दिली. नाणे आल्यावर तोलण्याची कटकट संपावी, कारण राजाचा शिक्का हीच वजनाची हमी. पण व्यवहारात तसे झाले नाही. आपल्या देशात तर शिक्क्याच्या वयावरही कसर कापली जाई. तिलाच बट्टा म्हणत, आणि नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार तेथूनच आला. अठराव्या शतकात बंगाल्यात रुपया टांकसाळीतून निघाला त्या वर्षी हिशेबाच्या रुपयाहून त्याची किंमत शेकडा १६ ने अधिक धरीत. दुसऱ्या वर्षी शेकडा १३ ने, आणि तिसऱ्या वर्षापासून शेकडा ११ ने. चांदी तितकीच, नाणे कदाचित पेटीतून बाहेरही निघालेले नाही, तरी केवळ वर्ष उलटले म्हणून मोल उतरले! यात सराफांचे उखळ पांढरे होत असे आणि रयत नागवली जाई, हे सांगायला नको. अखेर ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलमच्या राज्यारोहणाचे १९ वे वर्ष हेच सर्व रुपयांवर कायमचे छापून हा घोळ मिटवला; आणि १८३५ मध्ये साऱ्या ब्रिटिश मुलखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया आला. पोतदार, सराफ, पारखी ही आडनावे मात्र त्या जुन्या व्यवसायाची आठवण म्हणून आपल्यात राहिली आहेत.

पारख करताना सराफ नाण्यावर छिन्नीने बारीक टोचा मारीत, आत तांबे तर नाही ना हे पाहण्यासाठी. चीनमध्ये तर व्यापारी स्पॅनिश चांदीच्या नाण्यांवर आपापल्या पेढीची मुद्राच उमटवीत. दहा हातांतून गेलेल्या नाण्यावर मूळ राजाचे तोंड शोधावे लागे. अशी नाणी एके काळी संग्राहक बाजूला सारीत. आता मात्र नेमकी तीच जमवणारे लोक आहेत, कारण नाणे कुठून कुठे गेले याची ती चालतीबोलती साक्ष असते.

संग्राहकाचा तराजू वेगळा आहे, तो असा. त्याला सोन्याच्या वजनाशी फारसे कर्तव्य नाही. नाणे खरे आहे का, दुर्मिळ आहे का, आणि टांकसाळीतून निघाले तेव्हाच्या रूपाच्या ते किती जवळ आहे, हे तो पाहतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन या गृहस्थाने १९४९ साली तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी गुणांची मोजपट्टी तयार केली. आज जगभर तीच चालते. १९८६ पासून तिकडे अशा कंपन्या निघाल्या, की ज्या नाणे तपासून, गुण देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करून परत देतात. त्यांच्या नियमाप्रमाणे ज्या नाण्याला भोक आहे, कडी झाळलेली आहे, ओरखडा आहे किंवा जे घासून स्वच्छ केलेले आहे, त्याला गुणांचा आकडाच मिळत नाही. डबीवर ‘डिटेल्स’ असे लिहून पुढे दोष नमूद करतात. परीक्षेत बसू दिले, पण निकालपत्रावर आकडा नाही, अशातला हा प्रकार! भोक पडलेले नाणे बिनभोकाच्या नाण्याच्या मानाने फार खाली उतरते. त्यातही भोक काठाशी असेल तर एक गोष्ट, आणि प्रभूच्या मुखातून आरपार गेले असेल तर दुसरी. सर्वांत वाईट म्हणजे भोक सोन्याने बुजवून वर रेषा कोरलेले नाणे. कारण तेथे दोषावर फसवणुकीची भर पडते. भोकाचे नाणे प्रामाणिक असते, बुजवलेले नसते.

घासण्याला एवढा मोठा दोष का मानतात, हे पुष्कळांस कळत नाही. घर झाडणे, भांडे घासणे, वेदीवरचे दीपवृक्ष उजळणे ही तर आपल्याकडे सद्गुणाची कामे! पण नाण्याचा ठसा बसताना धातू दाबाखाली वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नव्या नाण्याचे तेज असते ते त्या रेषांचे. घासले की त्या जातात व त्यांच्या जागी एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे येतात; साध्या भिंगातून ते दिसतात. सोने काळवंडत नाही, म्हणून ते घासण्याची गरजच नसते. आणि ते मऊ असल्यामुळे घासल्याची इजा त्यालाच अधिक होते. तांब्याची कथा याहून करुण आहे, व ती आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

आम्ही नवे नवे गुरू झालो होतो तेव्हाची गोष्ट. एका किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामात सभागृहाचा पाया खणताना मजुरांना एक फुटके मडके सापडले. त्यात तांब्याची चाळीसएक नाणी होती, हिरवी, एकमेकांस चिकटलेली. एका नाण्यावर क्रूस असावा असे वाटले आणि आमचा आनंद गगनात मावेना. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ असा दोनशे वर्षे होता; तेव्हा त्या काळचा ऐवज हाती लागला असे आम्ही मनाशी ठरवूनही टाकले. दुपारी वेदीसेवक मुलांना बोलावले, चिंच भिजवली, चुलीतली राख आणली, आणि संध्याकाळपर्यंत सगळी नाणी नव्या तांब्यासारखी लाल करून सोडली. मुलांना मोठी मौज वाटली. दुसऱ्या आठवड्यात एका जाणकाराला ती दाखवली. त्याने एकेक नाणे उजेडात धरले, उलटे केले, खाली ठेवले. मग म्हणाला, ‘‘फादर, तीनशे वर्षं मातीनं जे सांभाळलं होतं, ते तुम्ही एका दुपारी धुऊन टाकलंत.’’

त्याचे म्हणणे पुढे पुस्तके वाचल्यावर समजले. जमिनीत तांबे गंजते तेव्हा आधी लालसर आणि त्यावर हिरवा थर धरतो. मूळ अक्षरे, मूळ चित्र यांचा ठसा त्या थरातच राहिलेला असतो. त्याखालचा धातू खड्ड्याखड्ड्यांचा झालेला असतो. आंबटाने थर गेला की धातू लख्ख दिसतो, पण वाचायला काही उरत नाही. त्यातून समुद्राकाठची माती खारी. क्षाराचा अंश तांब्यात शिरला असेल तर दमट हवेत फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा सुटत राहते आणि नाणे आतून पोखरत जाते; जाणकार तिला काशाचा रोगच म्हणतात. आमच्या चिंचेने त्या रोगास बळच दिले असावे. क्रूस वाटलेली ती खूण क्रूसच होती की काय, हे सांगणे आता कोणालाही शक्य नाही. सापडलेल्या ठेव्याची वर्दी सरकारला द्यायची असते हेही आम्हांस त्या जाणकारानेच सांगितले. उशिरा का होईना ती आम्ही दिली व नाणी कचेरीत जमा केली. पावतीवर कारकुनाने ‘तांब्याच्या चकत्या’ असे लिहिले. आम्ही त्यास हरकत घेतली नाही.

इजा मात्र सगळ्या सारख्या नसतात. १८९८ साली तामिळनाडूतील पुदुकोट्टै येथे रोमन सोन्याच्या ५०१ नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर छिन्नीचा एक खोल घाव आहे, तोही बहुतेक ठिकाणी नेमका सम्राटाच्या मस्तकावर. कोणी म्हणतात सोने आतपर्यंत खरे आहे का हे पाहण्यासाठी. कोणी म्हणतात, हे आता परक्या राजाचे चलन नव्हे, नुसते सोने आहे, असे जाहीर करण्यासाठी. आम्हांस दुसरे मत अधिक पटते. कस पाहायला पाचशे नाण्यांच्या डोक्यावर घाव घालावा लागत नाही, कसोटीचा दगड पुरतो. कारण कोणतेही असो, त्या घावामुळे लिलावातील किंमत पडते, पण इतिहासकाराच्या दृष्टीने तो घाव हीच त्या ठेव्याची खरी अक्षरे आहेत. घाव नसता तर रोममधून सोने आले एवढेच कळले असते, आणि ते प्लिनीने पहिल्या शतकातच सांगून ठेवले आहे. हिंदुस्थान दर वर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी त्याची तक्रार होती. घावामुळे येथील माणसाने त्या सोन्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे थोडेसे कळते. परुश्यांच्या शिष्यांनी प्रभूला कराचे नाणे दाखवले तेव्हा त्यावरील मुखवटा आणि लेख कोणाचा, असे त्याने विचारले होते. ते नाणे तिबेरियस कैसराचे असावे असा तज्ज्ञांचा समज आहे, आणि त्याच तिबेरियसचे चांदीचे दिनार दक्षिण हिंदुस्थानातील ठेव्यांत मोठ्या संख्येने मिळाले आहेत.

पुतळीचे भोकही याच जातीचे आहे. व्हेनिसच्या नाण्याला कोकणात वा देशावर भोक पडले, ते कोणी नासधूस केली म्हणून नव्हे. पुरुषाच्या हातचा पैसा वाण्याकडे, सावकाराकडे, मामलेदाराकडे जाई. बाईच्या गळ्यातला पैसा सहसा जात नसे. दुष्काळ, मृत्यू, कर्ज अशा वेळी एक पुतळी तोडायची आणि माळ पुन्हा ओवायची. नाण्याने बँकेचे काम केले. पुढे मागणी इतकी वाढली की सोनार पातळ पत्र्यावर ठसा मारून पुतळ्या करू लागले. त्यांना लॅटिन येत नव्हते, म्हणून अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आल्या. संत मार्क आणि दोजे यांच्या जागी हळूहळू आपल्या देवदेवता आल्या. आज सराफकट्ट्यावर नवी पुतळीमाळ मिळते तीत लक्ष्मी असते. खऱ्या पुतळीच्या काळात मात्र कित्येक हिंदू घरांतील सुवासिनींनी आपला प्रभू आणि त्याचे शुभवर्तमान गळ्यात वागवले, आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. आपल्या ख्रिस्ती घरांतही कितीजणींना ठाऊक होते, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

आता त्या तीन भावांच्या माळेकडे वळू. आम्ही ती आमच्या त्या जाणकार स्नेह्यांना दाखवली. ते आता बरेच वृद्ध झाले आहेत, पण नजर तीच. एकवीसपैकी एकोणीस पुतळ्या सोनाराच्या ठशाच्या, पातळ, एकेक ग्रॅमही न भरणाऱ्या निघाल्या. त्यांची किंमत सोन्याची. वर हाताच्या कामाची थोडी. उरलेल्या दोन हातात घेताच जड लागल्या. त्या व्हेनिसच्या होत्या. एकीवर भोक दोजेच्या नावातूनच गेलेले, त्यामुळे ती कोणत्या दोजेची हे कळत नाही. दुसरीला भोक नव्हते, वरच्या काठाला कडी झाळलेली होती, आणि तिच्यावर ‘आलोय मोचेनि’ अशी अक्षरे आम्हांस स्वच्छ वाचता आली. आल्विझे मोचेनिगो! येथे आमचे मन डळमळले, हे कबूल करतो. कारण पहिला आल्विझे मोचेनिगो १५७० ते १५७७ या काळात दोजे होता. त्याच्याच कारकिर्दीत ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपान्तोची लढाई झाली, व त्या विजयाच्या स्मरणार्थ पोप संत पायस पाचवे यांनी सुरू केलेला सण आपण आजही जपमाळेच्या राणीचा सण म्हणून पाळतो. लेपान्तोच्या दोजेचे नाणे आमच्या धर्मग्रामातल्या एका माउलीच्या गळ्यात! प्रवचनाला याहून चांगला विषय कोणता? धाकट्याचे डोळे तर हे ऐकूनच लकाकले.

पण त्या नावाचे दोजे एक नव्हे, चार झाले. दुसरा १७०० ते १७०९, तिसरा १७२२ ते १७३२ आणि चौथा १७६३ ते १७७८. आमच्या स्नेह्यांनी भिंग लावून अक्षरांची घडण पाहिली आणि नाणे अठराव्या शतकाचे, बहुधा चौथ्याचे, असे सांगितले. ती फार मिळणारी नाणी आहेत. शिवाय कडी झाळलेली, शिवाय परवाच घासलेली. भिंगाखाली संत मार्कांच्या झग्यावर भुकटीचे ओरखडे एका दिशेने गेलेले स्पष्ट दिसत होते. संग्राहक सोन्याच्या भावाहून काही अधिक देईल, लाख नाही, असे ते म्हणाले. कडी काढावी का, असे धाकट्याने विचारले. ‘‘काढू नका. झाळ्याचा डाग राहील, आणि कडीची हकिगत जाईल,’’ एवढेच त्यांनी उत्तर दिले. खालच्या बाजूस प्रभूचे मुख जवळजवळ सपाट झाले आहे. तो भाग भुकटीने गेलेला नाही, लुगड्यावर घासून पिढ्यान्‌पिढ्या झिजलेला आहे, हेही त्यांनी दाखवले. दोन झिजांतला फरक बोटालाही कळतो. एक गुळगुळीत असते, दुसरी खरखरीत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांच्यासाठी दोन शब्द येथेच सांगून टाकतो. घासू नये, चिंच-लिंबू लावू नये, सोनाराकडे उजळायला देऊ नये. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये, त्याचा हिरवट चिकटा नाण्यावर बसतो. कोऱ्या कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी, काठाला धरून ठेवावे. पुडीवर कोणाकडून आले ते लिहावे. जमिनीत सापडले तर १८७८ चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तेव्हा परदेशी असलेल्या लेकराबाळांकडे ते परस्पर पाठवता येत नाही. आखाती देशांत आणि कॅनडात आपली मुले आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतो.

भावांना आम्ही जे कळले ते सर्व सांगितले. त्यानंतर एक प्रश्न विचारला, जो नाणेशास्त्राचा नव्हता. वाटे तीन कसे? तुमची बहीण आहे ना, शेजारच्या धर्मग्रामात दिलेली? ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा वारसा कायदा लागू आहे, आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा आहे. थोरला म्हणाला, ‘‘तिचं लग्नात केलं होतं, फादर.’’ आम्ही म्हणालो, तिला विचारले का? विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी ती आली. माळ हातात घेऊन तिने पुतळ्या एकेक करून सरकवल्या आणि एका पातळ पुतळीपाशी थांबली. तिचा काठ किंचित वाकलेला होता. ‘‘ही मला द्या. बाकीचं तुम्ही बघा,’’ असे ती म्हणाली. लहानपणी आईच्या कडेवर असताना तिने ती दातांनी चावली होती, असे आई सांगत असे. जाणकाराने त्या पुतळीकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नव्हते. थोरला थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘बाकीचं पण चार ठिकाणीच होईल.’’ मधल्याच्या पत्नीने आपण माळ घासल्याचे तेव्हा प्रथमच सर्वांसमोर सांगितले, व ती रडू लागली. नणंदेने तिला उठवून बाहेर ओसरीवर नेले.

आटवायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. दोऱ्यातून काढलेल्या अठरा पातळ पुतळ्या थोरल्याकडे आहेत. व्हेनिसच्या दोन पुतळ्या भावंडांच्या विनंतीवरून आमच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात, बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांशेजारी, वेगवेगळ्या पुड्यांत ठेवल्या आहेत. पुड्यांवर मातोश्रींचे नाव, वजन आणि ‘अमुक महिन्यात घासली’ ही नोंद आम्ही आमच्या हाताने केली आहे. नाताळात चौघे पुन्हा बसणार आहेत.